मॅकिंटॉश एसई/३०चा लॉजिक बोर्ड पुन्हा चालू करताना

ॲपलने जानेवारी १९८९ मध्ये बाजारात आणलेला मॅकिंटॉश एसई/३० जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत आजही मानाचा समजला जातो. नऊ इंची कृष्णधवल पडद्याच्या त्या लहानशा डब्यात १५.६६७२ मेगाहर्ट्झने चालणारा मोटोरोला ६८०३० प्रोसेसर, त्याच्या जोडीला गणिती कामासाठी ६८८८२ आणि १२८ मेगाबाइटपर्यंत रॅम घेऊ शकणाऱ्या आठ खाचा, एवढा ऐवज त्या काळी दुसऱ्या कोणत्याही छोट्या मॅकमध्ये नव्हता. मात्र इतकी वर्षे न उघडलेला एसई/३० हाती आला, तर सर्वांत आधी आवरायचा मोह म्हणजे बटण दाबून पाहण्याचा. त्याच्या लॉजिक बोर्डावरील, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरील, ॲल्युमिनियमचे कपॅसिटर बहुधा गळलेले असतात. त्यांतून गळलेला द्रव वीजवाहक असल्यामुळे, धुऊन काढण्याआधी वीज दिल्यास तांब्याच्या रेषा अधिक वेगाने कुजतात आणि चांगल्या चिपही जाऊ शकतात.

डबा उघडण्यासाठी लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण वरचे दोन स्क्रू मुठीच्या खोबणीत खोलवर बसवलेले आहेत. आत चित्रनलिका आहे आणि तिच्या ॲनोडवर चालू अवस्थेत दहा हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, म्हणून विजेची वायर काढून यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. त्यानंतर चांगल्या आवरणाच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते तारेने धातूच्या सांगाड्याला जोडून ते ॲनोडवरच्या रबरी टोपीखाली सरकवावे आणि उरलेला भार उतरवावा. हे करताना दुसरा हात पाठीमागे ठेवावा. ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही, त्यांनी पहिल्या वेळी जुना टीव्ही मेकॅनिक शेजारी बसवलेला बरा. नलिकेच्या मानेवरील लहान बोर्डाला धक्का लागला, तर काच तडकून नलिका कायमची जाते.

बोर्ड बाहेर आला की प्रथम बॅटरी पाहावी. अर्ध्या एए आकाराची ही ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी फुटली असेल, तर तिच्या भोवतालचे धातू गंजून पिठासारखे झालेले दिसतात. तिच्यातील थायोनिल क्लोराइडमुळे झालेली घाण आम्लधर्मी असल्याने ती खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने शमवावी. अमिगा २००० सारख्या यंत्रांतील निकेल-कॅडमियम बॅटरीची गळती मात्र अल्कधर्मी असते आणि तिला व्हिनेगर लागते. ही अदलाबदल नवख्यांकडून हमखास होते. बॅटरी शाबूत असली तरी ती काढून टाकावी.

कपॅसिटरची यादी छोटी आहे: ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे दहा, १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक, आणि ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे दोन आडवे, लांब पायांचे. पहिले अकरा पृष्ठभागावर चिकटवलेले आहेत आणि त्रास मुख्यतः त्यांचाच असतो. ते काढण्याच्या पद्धतीवरून हौशी लोकांत हमरीतुमरी होते. पक्कडीने पिळून काढणारे आपले यशच सांगतात, पण गळतीने सैल झालेला पॅड (ज्यावर पाय सोल्डर केलेला असतो तो तांब्याचा तुकडा) पिळताना सुटून आला की त्याच्यासोबत रेषाही येते. गरम हवेने काढावे, तर भरलेला कपॅसिटर कधी कधी फुटून आतला द्रव आसपासच्या चिपवर उडवतो. माझा कौल दोन सोल्डरिंग आयर्नना आहे: आधी दोन्ही पायांवर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे रसायन) आणि थोडे ताजे शिशाचे सोल्डर द्यावे, मग दोन्ही बाजू एकाच वेळी तापवून कपॅसिटर अलगद सरकवावा. जुने सोल्डर राखाडी, निस्तेज आणि न वितळणारे वाटले, तर तिथे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कपॅसिटरमधला द्रव, पोहोचलेला आहे असे समजावे. आयर्न टेकताच सुक्या बोंबलासारखा वास आला, तर शंकेला जागाच उरत नाही. त्या काळच्या इलेक्ट्रोलाइटमधील अमोनियम क्षार तापून अमाइन तयार होतात, त्यांचा तो वास असतो. खिडकी उघडी ठेवावी.

यापुढची धुलाई हाच या कामाचा गाभा आहे. कपॅसिटर नवे बसवून धुण्याचे काम टाळले, तर काही महिन्यांत बोर्ड पुन्हा बंद पडतो, कारण मुरलेला द्रव चिपच्या पायांखाली आणि व्हायांच्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या) भोकांत शिल्लकच असतो. रॅम व रॉमची कार्डे काढून बोर्ड कोमट पाण्यात, भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाने आणि मऊ टूथब्रशने घासावा, भरपूर पाण्याने खळाळून शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे, आणि त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून पाणी बाहेर काढावे. त्यानंतर दोन-तीन दिवस वाळू द्यावे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढले असेल, तर पंख्याखाली आणखी काही दिवस धीर धरावा, कारण चिपखाली अडकलेला ओलावा वरून दिसत नाही.

नवे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळू शकतात, पण सुटे विकत घेताना जुना साठा गळ्यात पडण्याचा धोका असतो, म्हणून उत्पादनाची तारीख विचारून घ्यावी. टँटलमचे कपॅसिटर वापरायचे असतील, तर ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोक दाखवते आणि टँटलमवरची पट्टी धन टोक दाखवते, हे कागदावर लिहून समोर ठेवावे. उलटा बसवलेला टँटलम शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. १२ व्होल्टच्या मार्गावर टँटलम २५ व्होल्ट क्षमतेचाच असावा.

नवे कपॅसिटर बसवण्यापूर्वी, पॅड मोकळे असतानाच, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड आहे का ते दाखवणाऱ्या मांडणीवर) लावून प्रत्येक पॅडपासून निघणारी रेषा तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी आणि ५ व्होल्टचा मार्ग जमिनीशी (ग्राउंडशी) शॉर्ट नाही ना, हेही पाहावे. हिरव्या लेपाखाली काळी पडलेली रेषा तुटलेली असेलच असे नाही, आणि चकचकीत रेषा शाबूत असेलच असेही नाही. माझ्या पहिल्या बोर्डात मी रॅम बदलली, रॉम बदलला, एक चिपही उपसली, आणि दोष शेवटी एका व्हायाच्या तोंडाशी केसाएवढ्या फटीत निघाला. तुटलेली रेषा जोडण्यासाठी ३० गेजची वायर-रॅपिंगची तार पुरते. ती मूळ मार्गाला चिकटवून न्यावी आणि दोन थेंब रेझिनने पक्की करावी.

वीज दिल्यावर पहिली मोजणी मागच्या फ्लॉपी जोडणीवर करावी, म्हणजे आत हात घालावा लागत नाही. तिच्या सहाव्या पिनवर ५, सातव्या-आठव्या पिनवर १२ आणि पाचव्या पिनवर उणे १२ व्होल्ट मिळायला हवेत, तर पहिल्या चार पिना जमिनीच्या आहेत. ५ऐवजी ४.७ व्होल्ट दिसत असतील, तर लॉजिक बोर्डाला दोष देऊ नये, आधी वीजपुरवठा पाहावा.

पडद्यावर आडवे पट्टे आले, तर त्या दोषाला ‘सिमासिमॅक’ म्हणतात. जपानीत शिमाशिमा म्हणजे पट्टेरी, त्यावरून हे नाव पडले. प्रोसेसर रॉममधला कार्यक्रम चालवू शकत नाही, पण व्हिडिओचे सर्किट चालूच असते आणि व्हिडिओ रॅममध्ये वीज येताना जे काही भरले ते तसेच दाखवते, म्हणून हे पट्टे दिसतात. तेव्हा पट्टे दिसणे ही एका अर्थी चांगली खूण आहे, कारण चित्राचा भाग जिवंत आहे. इथे सर्वांत स्वस्त तपासणी सर्वांत आधी करावी: रॉमचे कार्ड काढून त्याचे संपर्क अल्कोहोलने पुसावेत आणि खाचेत घट्ट बसवावे, रॅमची चारच कार्डे पहिल्या बँकेत, म्हणजे चार खाचांच्या पहिल्या गटात, ठेवावीत. प्रत्येक कार्ड ८ बिटचे आणि प्रोसेसर ३२ बिटचा असल्याने चारांपेक्षा कमी चालत नाहीत. तरीही पट्टे राहिले, तर रॅमचे पत्ते वाटणाऱ्या ७४एफ२५३ या चिपच्या पायांपासून रॅमच्या खाचांपर्यंतची प्रत्येक रेषा मोजावी. ऑसिलोस्कोप असल्यास ३१.३३४४ मेगाहर्ट्झचा मुख्य ऑसिलेटर हलतो का आणि प्रोसेसरची रिसेट लाइन वर जाते का, हे त्याआधी पाहावे.

यंत्र सुरू होताना बिघाड सांगणारे दुःखी मॅकचे चित्र आले, तर त्याखालच्या दोन ओळींतील पहिलीचे शेवटचे चार अंक वाचावेत: ०००१ म्हणजे रॉमची बेरीज जुळली नाही, तर ०००२ ते ०००५ रॅमकडे बोट दाखवतात. बाकी सगळे सुरळीत असून आवाज फारच मंद असेल, तर ध्वनीच्या दोन सोनी चिपभोवती पुन्हा धुवावे. नवी चिप शोधण्याची वेळ त्यानंतरच येते.

बॅटरीने बोर्ड आरपार खाल्ला असेल, तरी तो फेकू नये. हौशी अभियंत्यांनी एसई/३०चा कोरा बोर्ड पुन्हा तयार केला आहे आणि त्यावर जुन्या चिप हलवता येतात. हे काम अनेक संध्याकाळींचे आहे. ॲपलने स्वतः बनवून घेतलेली ‘ग्लू’ (बाकी चिपना एकमेकींशी जोडणारी चिप) आणि ध्वनीची चिप बाजारात नवी मिळत नाही, त्यामुळे बोर्डाखालून उष्णता देऊन त्या सर्वांत आधी आणि सर्वांत सावकाश उतरवाव्यात. शक्य तिथे सॉकेट बसवावे.

यंत्र सुरू झाल्यावर लगेच नवी बॅटरी बसवण्याची गरज नाही. एसई/३० बॅटरीशिवाय सुरू होतो, फक्त प्रत्येक वेळी तारीख-वेळ आणि साठवलेल्या इतर सेटिंग नव्याने लावाव्या लागतात.