पंच फेस, ट्रिपल कोट आणि पहिल्या महिन्याचं बिल: महागडी मांजर घेताना या चुका टाळा

आमचा बोका पेढा घरी आला तेव्हा विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे अडीच महिन्यांचा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी त्याला काट्यावर ठेवलं. साडेसहाशे ग्रॅम. मग तोंड उघडून पाहिलं, तर मागच्या दाढा धड आलेल्या नव्हत्या. "हा जेमतेम दीड महिन्याचा आहे," त्या म्हणाल्या. त्याच्या कानामागे नाण्याएवढा केस गेलेला चट्टा होता. "आईने चाटलंय" असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते गोड मानून घेतलं होतं. ते निघालं गजकर्ण. दहा दिवसांत बायकोच्या मनगटावर आणि मग मुलाच्या मानेवर गोल लाल कडी उठली. पेढ्याला १८ हजार मोजले होते. पुढच्या दोन महिन्यांत औषधं, शाम्पू, तपासण्या आणि माणसांच्या डॉक्टरांची फी मिळून आणखी ११ हजार गेले.

म्हणून पहिली गोष्ट: स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत न्या. निरोगी पिल्लू साधारण आठवड्याला शंभर ग्रॅमने वाढतं, त्यामुळे अडीच महिन्यांचं पिल्लू किलोच्या आसपास भरायला हवं. चांगले ब्रीडर १२ आठवड्यांच्या आत पिल्लू देतच नाहीत. आणि आई दाखवा म्हणा, समोर. आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता.

चेहऱ्याचे पैसे

आपल्याकडे पर्शियन मांजराचा भाव नाकावर ठरतो. नाक थोडं पुढे आलेलं असेल तर डॉल फेस, मग सेमी पंच, मग पंच. जितकं चपटं तितकं महाग. या चपटेपणाने अश्रूंच्या नळ्या वाकतात आणि डोळे सतत गळतात, नाकपुड्या अरुंद होतात, काही मांजरांना कोरडे दाणे उचलणंही जमत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अशा मांजराला कूलर-एसीशिवाय ठेवणं म्हणजे छळच. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण जास्त आजार विकत घेतो. "ट्रिपल कोट" (केसांचे तीन थर) ही तर निव्वळ बाजारातली भाषा. पर्शियनचा कोट दुहेरी असतो.

पैसे द्यायचेच तर आईबापांच्या तपासण्यांचे द्या. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. आईबापांपैकी एकालाच तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते, आयुष्यात एकदाच. मेन कून या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्याला कारण ठरणारा एक जनुकीय बदल २००५ साली सापडला, पण तो नसला म्हणजे मांजर सुटलं असं नाही, त्यामुळे ब्रीडिंगच्या मांजरांची सोनोग्राफी (इको) वरचेवर करावी लागते. स्कॉटिश फोल्ड मात्र घेऊच नका असं मी स्पष्ट सांगतो. ज्या दोषाने कान दुमडतो त्याच दोषाने पायांचे आणि शेपटीचे सांधेही बिघडतात. मांजरांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या जीसीसीएफ या संस्थेने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली.

"विथ पेपर" (जातीच्या नोंदणीच्या कागदासह) म्हणून जास्त पैसे मागितले तर कागदावर मांजराच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर आहे का बघा आणि डॉक्टरांच्या स्कॅनरने तो जुळवा. तिकडे अमेरिकेतही लोक फसतात. २००७ मध्ये ‘अशेरा’ नावाची नवी जात २२ हजार डॉलरला विकायला आली होती. डीएनए तपासल्यावर ती पेनसिल्व्हेनियातल्या एका ब्रीडरची सॅव्हाना या आधीच्याच जातीची मांजरं निघाली.

महिन्याचा हिशोब

चार किलोच्या पेढ्याचा आमचा खर्च: कोरडे दाणे १,२००, रोजचं एक पाऊच धरून १,२००, लिटर (शी-शूची वाळू) ६००, कंगवे-शाम्पू-डोळे पुसायचे वाइप्स वगैरे ५००. साडेतीन हजार झाले, वर्षाचे ४२ हजार. यात डॉक्टर नाहीत. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" म्हणतात, इथे कोंबडीही स्वस्त नाही.

मग लोक काटकसर करतात ती नेमकी खाण्यात. दूध-पोळी सुरू होते, कारण मांजर म्हटलं की दूध हे डोक्यात पक्कं. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, जुलाब होतात. कुत्र्याचं खाणंही चालत नाही. मांजराला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं आणि ते कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात.

बोका फक्त कोरड्या दाण्यांवर असेल आणि पाणी कमी पीत असेल तर आणखी एक गोष्ट ओळखायला शिका. तो सारखा लिटरमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खाली चाटत राहतो, आणि लिटर कोरडंच. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालंय, उद्या बघू. ती लघवी अडकलेली असते. दिवसा-दोन दिवसांत बोका दगावतो, म्हणून रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. घरात क्रोसिन आहे म्हणून पाव गोळी देणारेही भेटतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव गोळीसुद्धा. लिलीची फुलंही घरात नकोत, मूत्रपिंडं निकामी होतात.

कंगवा

रोज दहा मिनिटं, स्टीलच्या कंगव्याने, मुळापासून. वरवर ब्रश फिरवला की पाठ चमकते आणि बगलेत, कानामागे, मागच्या मांड्यांना आतून नमदा, म्हणजे केसांचा घट्ट गुंता, तयार होतो. तो कात्रीने कापायला जाऊ नका. मांजराची कातडी पातळ असते आणि गुंत्याबरोबर वर ओढली जाते. मी पेढ्याच्या बगलेतला गुंता असाच कापला आणि चार टाके पडले. आता मी थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी तो उकलतो, नाहीच सुटला तर डॉक्टरांकडे ट्रिमर. पावसाळ्यात आंघोळ घातली तर मुळापर्यंत वाळवा, नाहीतर गुंता आणखी घट्ट बसतो.

गॅलरीला नुसती कबुतरजाळी असेल तर तीही तपासा. नायलॉन मांजर दातांनी तोडतं.

"एक वेत काढू, पैसे वसूल"

हे मी निदान पाच जणांकडून ऐकलंय. चपट्या तोंडाच्या माद्या बाळंतपणात अडतात, सिझेरियन लागतं, पिल्लं दगावतात, वर सगळ्यांच्या लसी. उरतात ती पिल्लं मग दीड महिन्यांत "अडीच महिने पूर्ण" म्हणून विकली जातात. आमचा पेढा बहुधा अशाच कुणाच्या वसुलीतून आला.

त्यापेक्षा शहरातल्या प्राणीमित्र संस्थांना फोन करा. बदली झाली, बाळ झालं, केस फार गळतात, अशा कारणांनी सोडलेली तीन-चार वर्षांची पर्शियन मांजरं त्यांच्याकडे बऱ्याचदा असतात. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, लसी झालेल्या, आणि कंगवा दिसला की पळतं की आडवं पडतं तेही आधीच कळतं.