बाजार पडण्याआधी लिहून ठेवायचा कागद

बाजारात फारसं काही घडत नाहीये असा एखादा आठवडा बघा आणि रविवारी निवांत बसून एक कागद लिहा. बाजार कोसळला तर काय करायचं आणि फार चढला तर काय करायचं, एवढंच त्यावर हवं. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, दोन-तीन हजारांनी आपटला की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्या दिवसाचे निर्णय म्हणूनच आधी घेऊन ठेवायचे.

उदाहरणाला मी २००८ची मंदी घेतली आहे. तिचा चढ, घसरण आणि परतीचा प्रवास हे सगळं घडून गेलेलं आहे, त्यामुळे हिशेब ताडून बघता येतो.

१. पैशाला तारखा लावा

कोणता पैसा कधी लागणार, ते लिहा. मुलीच्या प्रवेशाची फी, घराचं डाउन पेमेंट, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पाच-सहा वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवू नका. सहा महिन्यांचा घरखर्च तर बँकेतच बरा.

पाच-सहा वर्षं का? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर जाऊन आला. नोव्हेंबर २०१० मध्ये, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, तो पुन्हा तिथे टेकला आणि लगेच घसरला. ती पातळी मागे टाकून पुढे निघायला २०१४ उजाडलं. दरम्यान ज्यांच्या घरात लग्न निघालं त्यांना ‘दीर्घकालीन गुंतवणूक’ या शब्दाचा काय उपयोग?

२. तोटा रुपयांत लिहा

‘तीस-चाळीस टक्के पडलं तरी मी हलणार नाही’ असं सगळेच म्हणतात. टक्के कुणालाही झेपतात. म्हणून रुपये लिहा. २००८च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,२०६ पर्यंत चढला होता, आणि ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर बंद झाला. म्हणजे १० लाखांचे ३ लाख ८५ हजार. ते परत १० लाख व्हायला १६० टक्के वाढ लागते. गेलेली रक्कम तुमच्या किती महिन्यांच्या पगाराएवढी आहे, तेही शेजारी लिहा आणि कागद नवऱ्याला किंवा बायकोला दाखवा. त्यांचा चेहरा बघून बऱ्याच जणांची जोखीम घेण्याची तयारी आपोआप कमी होते, आणि ती वेळेवर कमी झालेली चांगली.

डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. पुढच्या प्रयोगांत हे प्रमाण साधारण दुप्पट निघालं. तेव्हा झेपेल असं वाटणारा आकडा निम्मा करून धरा.

३. वाटणी ठरवा, आणि वर्षातून एकदा जुळवा

या कागदावरचं सगळ्यात कामाचं कलम हेच. समजा, २००७ च्या ३१ डिसेंबरला तुमच्याकडे १० लाख होते. त्यातले ६ लाख सेन्सेक्सच्या मागोमाग चालणाऱ्या इंडेक्स फंडात आणि ४ लाख एफडीत. नियम एकच: दर ३१ डिसेंबरला वाटणी पुन्हा ६०:४० करायची. व्याज, लाभांश, कर आणि खर्च तूर्त सोडून देऊ.

त्या दिवशी सेन्सेक्स २०,२८७ होता. वर्षभराने ९,६४७. फंडातल्या ६ लाखांचे २ लाख ८५ हजार झाले, एफडीसह एकूण ६ लाख ८५ हजार. त्याचे ६० टक्के म्हणजे ४ लाख ११ हजार. याचा अर्थ, एफडी मोडून १ लाख २६ हजार फंडात टाकायचे. हे वाचायला सोपं आहे. पण तो डिसेंबर आठवा: लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून साडेतीन महिने झालेले, मुंबईवरचा हल्ला महिन्यापूर्वीचा, ऑफिसात नोकरकपातीची कुजबुज. अशा दिवसांत सुरक्षित एफडी मोडून पडत्या बाजारात पैसे घालायचे, हे कागदावर आधी लिहिलेलं नसेल तर हजारात एखादाच करेल.

३१ डिसेंबर २००९ ला सेन्सेक्स १७,४६५ वर होता, म्हणजे मूळ पातळीच्या चौदा टक्के खालीच. तरी फंडातल्या रकमेचे ७ लाख ४४ हजार झाले आणि एकूण १० लाख १८ हजार. काहीच हलवलं नसतं तर ९ लाख १७ हजार असते. तळ कुठे आहे हे ओळखावं लागलं नाही, मार्च २००९ ची तारीख हुकली तरी बिघडलं नाही. उलट चढलेल्या वर्षी हाच नियम फंडातून पैसे काढून एफडीत टाकायला लावतो, आणि खरं सांगायचं तर लोकांना तेच जास्त जड जातं.

दरवेळी गाडी इतक्या लवकर रुळावर येईलच असं मात्र नाही. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता तिथे परत पोचायला त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावं लागलं. म्हणून ४० टक्क्यांची बाजू कधीही शून्य होऊ द्यायची नाही.

जुळवताना आधी नवी बचत कमी पडलेल्या बाजूला वळवा, फंड विकणं शक्यतो टाळा. जुलै २०२४ पासून वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटीवरच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे.

४. सुट्या शेअरला वेगळा नियम

वरचं गणित निर्देशांकाचं आहे, एखाद्या कंपनीला ते लावू नका. निर्देशांकातून कमकुवत कंपन्या बाहेर पडतात, तुमच्या डिमॅटमधून त्या आपोआप जात नाहीत. २००८च्या तेजीत युनिटेक आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स ही लाडकी नावं होती. ‘खाली आलाय, अ‍ॅव्हरेज करू’ म्हणत, म्हणजे पडल्या भावात आणखी घेऊन आपला सरासरी भाव खाली आणायला, अनेकांनी ती घेतली. पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि युनिटेकचं संचालक मंडळ २०२० मध्ये सरकारने ताब्यात घेतलं.

माणूस नफ्यातला शेअर चटकन विकतो आणि तोट्यातला ‘खरेदीभाव आला की काढू’ म्हणून सांभाळत बसतो. तुमचा खरेदीभाव बाजाराला ठाऊक नसतो. कागदावर दोन ओळी पुरतात: एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, आणि अ‍ॅव्हरेज करायचंच तर फार तर एकदा, तेही कंपनीचा ताळेबंद वाचून.

५. तेजीचा नियम

रिलायन्स पॉवरचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, १८ जानेवारी २००८ ला, शुक्रवारी बंद झाला. मागणी सत्तर पटींहून जास्त, अनेकांनी उसने पैसे काढून अर्ज भरलेले. सोमवारी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. फेब्रुवारीत शेअरची नोंदणी झाली तेव्हा किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांना मिळालेला शेअर पहिल्याच दिवशी ३७२ च्या आसपास बंद झाला.

चढ कधी संपणार हे कुणालाच कळत नाही. पण चक्रात आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज येतो. कधी शेअर न घेतलेला भाचा तुम्हाला टिप देऊ लागला आणि लोक सोनं गहाण ठेवून बाजारात उतरू लागले, तर एवढंच लिहा: या काळात शेअर बाजारातला वाटा वाढवायचा नाही.

६. उधारी नाही, एफ अँड ओ नाही

याला चर्चा नको. एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या दहापैकी नऊहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सचं नुकसान झालं, असं बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात दिसतं.

७. प्रत्यक्ष पडझडीच्या दिवशी

अ‍ॅप रोज उघडलं तर निम्म्याहून थोडे कमी दिवस लाल दिसतात. वर्षातून एकदा बघणाऱ्याला २००३ ते २०२४ या बावीस वर्षांत फक्त तीनदा लाल आकडा दिसला असता: २००८, २०११ आणि २०१५. तेव्हा सूचना बंद करून टाका. एसआयपीला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाकण्याच्या सोयीला, हात लावू नका. २०२५च्या सुरुवातीला, बाजार घसरत असताना, नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या जास्त होत्या. स्वस्तात युनिट मिळायला लागली आणि नेमका तेव्हाच लोकांनी हात आखडता घेतला.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१ वर आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४७,७५१ वर होता. असा दिवस आला की कागद काढा. त्यावर लिहिलेलं नाही ते त्या दिवशी करायचं नाही. एखादा नियम बदलावा असं फारच वाटलं तर बदल तारीख घालून मागच्या बाजूला लिहा, आणि त्याचा विचार पुढच्या ३१ डिसेंबरला करा.