केस का गळतात हे आधी ओळखा, मग उपचार निवडा

कंगव्यात नेहमीपेक्षा मोठा गुंता येऊ लागला की बहुतेक जण आधी तेल बदलतात आणि मग शांपू. माझा आग्रह असा, की त्याआधी दिनदर्शिका हातात घ्यावी आणि दोन-तीन महिने मागे जाऊन पाहावे. त्या सुमारास डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविड झाला होता का, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाले होते का, उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवले होते का?

मागे पाहण्याचे कारण केसाच्या आयुष्यक्रमात आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर या गतीने वाढतो, मग त्याची वाढ थांबते, आणि सुमारे तीन महिने विसावून तो गळतो. सगळ्या केसांचा हा क्रम एकाच वेळी चालत नसल्याने रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक आहे. मोठ्या आजारात मात्र पुष्कळ केस एकदमच विसाव्यात जातात आणि गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, आजार विसरला गेल्यावर; म्हणूनच ऑगस्टमध्ये डेंग्यू झालेल्या माणसाचे केस ऐन दिवाळीत मुठीने येऊ लागतात. माझ्या धाकट्या बहिणीचे असेच झाले. नहाणीच्या जाळीवर रोज साचणारा केसांचा पुंजका पाहून ती रडकुंडीला यायची आणि दर पंधरा दिवसांनी नवे तेल आणायची. चौथ्या महिन्यात तिच्या भांगाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे बारीक केस ताठ उभे राहिलेले दिसले, तेव्हा श्रेय मिळाले ते शेवटच्या तेलाला. वास्तविक या प्रकारची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात पोटभर जेवण, पुरेशी प्रथिने आणि धीर एवढेच लागते.

गळलेला केस कागदावर ठेवून त्याचे मूळ अवश्य पाहावे. टोकाला पांढरट, बारीक गाठ असेल तर केस मुळापासून गळला आहे. ती नसेल तर तो मधेच तुटला आहे, आणि दोष बहुधा सरळ करण्याच्या रसायनांत, गरम यंत्रात किंवा ओढून बांधण्यात असतो. रोज कचकचून वेणी-अंबाडा घालणाऱ्यांचे कपाळाकडचे केस ताणामुळे मुळापासूनही उपटले जातात, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर तिथे केस परत येत नाहीत.

यानंतर गळतीचा आकार पाहावा. पुरुषांचे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि माथ्यावरचे केस हळूहळू विरळ होत असतील, किंवा स्त्रियांचा भांग रुंदावत असेल, तर ती बहुधा आनुवंशिक गळती होय. एखाद्या दिवशी अचानक रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा दिसला तर ती चाई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करत असते, त्यामुळे झोंबणारे लेप चोळून त्वचा भाजून घेऊ नये. लहान मुलाच्या डोक्यावर खपलीचा, खाजरा चट्टा असेल तर गजकर्णाची शंका घ्यावी. त्याला पोटात घेण्याचे औषध लागते, नुसते मलम पुरत नाही. टाळू दुखत असेल, लाल झाली असेल किंवा चट्ट्यावर केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर एक आठवडाही दवडू नये, कारण व्रण झालेल्या मुळातून पुन्हा केस उगवत नाही. एकाच घरात किंवा गावात अनेकांचे केस एकदम जाऊ लागले, जसे २०२५च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातील काही गावांत घडले, तर आरोग्य केंद्राला कळवावे.

विशेषतः स्त्रियांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.

आनुवंशिक गळतीसाठी दोन औषधांना भक्कम आधार आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. ते कोरड्या टाळूवर लावायचे असते. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच ते सोडतात. परिणाम जोखण्यासाठी किमान चार ते सहा महिने द्यावेत, आणि बंद केल्यास मिळालेले केस काही महिन्यांत जातात हे सुरुवातीलाच स्वीकारावे. घरात मांजर असेल तर तिला हे औषध चाटू देऊ नये. ते तिच्या जिवावर बेतू शकते. फिनास्टेराइडची गोळी पुरुषांसाठी असून केसांची मुळे बारीक करणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती ती कमी करते. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी जाणवते, म्हणून दुकानातून परस्पर आणून ती सुरू करू नये. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

केशरोपणात नवे केस निर्माण होत नाहीत, डोक्याच्या मागच्या भागातले केस पुढे लावले जातात. मागचा साठा मर्यादित असल्याने, गळती अजून चालू असलेल्या विशीतल्या मुलाने घाई करू नये. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, नवे तीन-चार महिन्यांनी येऊ लागतात आणि खरे रूप दिसायला जवळजवळ वर्ष जाते. ही शस्त्रक्रिया आहे. ती कोण करणार, त्यांची वैद्यकीय पदवी कोणती आणि भूल कोण देणार, हे पैसे भरण्याआधी विचारण्यात कसलाही संकोच नसावा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, दर महिन्याला एकाच उजेडात काढलेले भांगाचे छायाचित्र आणि आजारपणाच्या तारखा सोबत न्याव्यात. त्या दिवशी केसांना तेल किंवा रंग लावू नये, म्हणजे टाळू भिंगातून नीट पाहता येते.