ऑलिंपियाकोसचा व्हॉलीबॉल इतिहास वाचायचा कसा? नुसत्या ट्रॉफ्या मोजू नका

ग्रीसच्या व्हॉलीबॉलमध्ये शिरायचं असेल तर ऑलिंपियाकोसच्या पुरुष टीमपासून सुरुवात करा असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण काय करतात तर लगेच ट्रॉफ्यांची यादी उघडतात, 2024 पर्यंत 32 लीग टायटल हा आकडा बघतात आणि म्हणतात, अच्छा म्हणजे कायम हेच जिंकतात, झालं. अहो नाही झालं. ती यादी वरून खाली वाचून काही हाती लागत नाही. खरी मजा मधल्या गॅपमध्ये आहे, म्हणजे कुठल्या वर्षी हे जिंकले नाहीत आणि त्या वर्षी टायटल कोण घेऊन गेलं. मी स्वतः सुरुवातीला भरपूर गोंधळ घातलेला आहे, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आधी नावाचं बघू, कारण सर्च करताना पहिली ठेच इथेच लागते. ऑलिंपियाकोस टाकलंत की सगळा फुटबॉल येणार, त्याच्या खाली बास्केटबॉल, आणि व्हॉलीबॉल कुठेतरी तळाशी. हा एकच क्लब आहे, 10 मार्च 1925 ला पिरेयस बंदरात स्थापन झालेला, लाल-पांढरा रंग, चिन्हावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला तरुण. व्हॉलीबॉलचा विभाग पुढच्याच वर्षी, 1926 ला निघाला. पण कारभार वेगवेगळा चालतो, फुटबॉलची कंपनी वेगळी, बास्केटबॉलची वेगळी, आणि व्हॉलीबॉल, वॉटर पोलो वगैरे क्लबच्या अमॅच्युअर विभागाकडे. त्यामुळे फुटबॉलमध्ये पैसा आला म्हणून व्हॉलीबॉलमध्येही आला असणार असं धरून चालू नका. सर्च करताना नावापुढे व्हॉलीबॉल आणि पुरुष हे दोन्ही शब्द टाकाच, कारण महिलांची टीमपण तगडी आहे आणि दोघींच्या बातम्या एकमेकीत मिसळतात.

ग्रीक भाषेत व्हॉलीबॉलला पेतोस्फेरिसी म्हणतात, म्हणजे साधारण उडत्या चेंडूचा खेळ. फेडरेशनच्या कागदावर हा शब्द दिसेल, बोलताना मात्र लोक सरळ व्होलेई म्हणतात. टीमला थ्रिलोस म्हणतात, म्हणजे आख्यायिका. ग्रीक बातमीत हा शब्द दिसला आणि ट्रान्सलेटरने 'आख्यायिका जिंकली' असं काहीतरी दिलं तर घाबरू नका, ती टीमच आहे.

आता मुख्य काम. एक कोरी शीट घ्या (वही चालेल, मी वहीतच केलं होतं), एका कॉलममध्ये 1968 पासून 2024 पर्यंत वर्षं लिहा आणि समोर त्या वर्षीचा चॅम्पियन. 1968 पासून का, तर ऑलिंपियाकोसचं पहिलं लीग टायटल त्या वर्षीचं, लगेच 1969 ला दुसरं. त्यानंतर 1970 ते 1973 सलग चार वर्षं पानाथिनायकोस. हे अथेन्सवाले, कायमचे वैरी. पुढे 1974 ऑलिंपियाकोस, 1975 पानाथिनायकोस, 1976 ऑलिंपियाकोस, 1977 पानाथिनायकोस, असा झोका चालू राहतो, मग 1978 ते 1981 सलग चार ऑलिंपियाकोसची, 1982 पानाथिनायकोस, 1983 ऑलिंपियाकोस, 1984 ते 1986 परत पानाथिनायकोस. दोन रंगाचे पेन वापरा, लाल आणि हिरवा, कारण पानाथिनायकोसचा रंग हिरवा आहे. पानभर नुसते लाल-हिरवे पट्टे दिसतील, तिसरा रंग औषधालासुद्धा नाही.

मग येतो मोठा लाल पट्टा. 1987 ते 1994, सलग आठ वर्षं ऑलिंपियाकोस. याच्याकडे दोन मिनिटं नीट बघा. 1987 हे वर्ष असंही महत्त्वाचं की त्याच वर्षी ग्रीसच्या नॅशनल टीमने बेल्जियममध्ये युरोपियन चॅम्पियनशिपचं ब्राँझ घेतलं, आणि 1994 ला तर वर्ल्ड चॅम्पियनशिपच ग्रीसमध्ये झाली (जिंकली इटलीने, फायनलमध्ये नेदरलँड्सला हरवून). म्हणजे हा पट्टा देशातल्या व्हॉलीबॉलला चांगले दिवस आलेले असतानाचा आहे, कुणी समोर नव्हतं म्हणून फुकटात मिळालेला नाही. याच पट्ट्यात, 1992 ला, ही टीम युरोपियन चॅम्पियन्स कपच्या फायनलला पोचली आणि इटलीच्या रावेन्नाकडून हरली. रावेन्नाने तो कप 1992, 93, 94 असा सलग तीनदा घेतलाय, तेव्हा कोणासमोर हरले हेपण शीटमध्ये लिहून ठेवा. नुसतं 'उपविजेते' लिहिलं की ती मॅच आणि एखादी ढिसाळ फायनल एकाच मापाने मोजली जाते.

1995 आणि 1996 पानाथिनायकोस. इथे थांबून बेरीज करा: 1968 ते 1996 हे 29 सीझन, त्यातले 17 ऑलिंपियाकोसचे, 12 पानाथिनायकोसचे, बाकी सगळ्या ग्रीसला शून्य!

आणि 1997 ला चॅम्पियन कोण तर आरिस. थेस्सालोनिकीचा क्लब, नाव युद्धदेवतेचं. हा एकटा सीझन बघून वाटतं की अपघात असेल, कारण त्यानंतर 1998 ते 2001 परत चार वर्षं लाल पट्टा. पण नंतरची वर्षं भरत गेलात की दिसतं, उत्तरेकडचं शहर जागं झालेलं आहे. 2002 इराक्लिस (हापण थेस्सालोनिकीचा, नाव हर्क्युलीसचं, यांना देवादिकांशिवाय नावं सुचत नाहीत बहुतेक), 2003 ऑलिंपियाकोस, 2004 पानाथिनायकोस, 2005 इराक्लिस, 2006 पानाथिनायकोस, 2007 आणि 2008 इराक्लिस, मग 2009 ते 2011 ऑलिंपियाकोस, 2012 इराक्लिस, 2013-14 ऑलिंपियाकोस, आणि 2015 ते 2017 सलग तीन पाओक, तोही थेस्सालोनिकीचाच. 2002 ते 2017 या 16 सीझनमध्ये आठ टायटल थेस्सालोनिकीला गेली, बरोबर अर्धी. ऑलिंपियाकोसला सहा. म्हणून माझं मत असं की या काळातलं एक टायटल आणि 1970 च्या दशकातलं एक टायटल एका वजनाचं नाही. तेव्हा एकाच प्रतिस्पर्ध्याला मात द्यायची होती, नंतर तिघांना. कुणाला पटणार नाही, पण शीट भरून बघा आणि मग भांडा.

पुढचं पटकन: 2018, 2019 ऑलिंपियाकोस, 2020 पानाथिनायकोस, 2021 ऑलिंपियाकोस, 2022 पानाथिनायकोस, 2023 आणि 2024 ऑलिंपियाकोस. लाल खाने मोजा, 32 यायला पाहिजेत. नाही आले तर कुठेतरी वर्ष चुकलंय, आणि ते बहुतेक सीझनच्या दोन वर्षांमुळे चुकतं. सीझन शरद ऋतूत सुरू होऊन पुढच्या वसंतात संपतो, त्यामुळे 2022-23 चं टायटल 2023 च्या खान्यात टाकायचं. एकदा एक नियम धरला की शेवटपर्यंत तोच.

आता युरोपियन कप, आणि इथे सगळे फसतात, मीही फसलोय. एकदा मी अगदी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो होतो की ऑलिंपियाकोसने तीन वेगवेगळ्या स्पर्धा जिंकल्यात. नावं तीन आहेत हे खरं, 1996 ला कप विनर्स कप, 2005 ला टॉप टीम्स कप, 2023 ला चॅलेंज कप. पण पहिल्या दोन एकच स्पर्धा आहेत, पाटी बदललेली. वंशावळ अशी लक्षात ठेवा. सगळ्यात वर जुना युरोपियन चॅम्पियन्स कप, तो 2000-01 पासून चॅम्पियन्स लीग झाला. दुसऱ्या पायरीवर कप विनर्स कप, त्याचा 2000-01 ला टॉप टीम्स कप झाला आणि 2007-08 पासून त्यालाच सीईव्ही कप म्हणतात (सीईव्ही म्हणजे युरोपची व्हॉलीबॉल संघटना). तिसऱ्या पायरीवर आधी जी स्पर्धा होती तिचं नाव होतं... सीईव्ही कप! तीच 2007-08 पासून चॅलेंज कप झाली. म्हणजे जुन्या बातमीत सीईव्ही कप दिसला तर ती तिसरी पायरी आणि नव्या बातमीत दिसला तर दुसरी. ज्याने कुणी हे नाव खालून उचलून वर चिकटवलं त्याला पुढे वाचणाऱ्यांची अजिबात काळजी नव्हती. शीटमध्ये कपाचं नाव लिहूच नका, पायरीचा नंबर लिहा. मग ऑलिंपियाकोसचा हिशोब साफ दिसतो: दुसऱ्या पायरीवर दोन कप, 1996 आणि 2005, तिसऱ्या पायरीवर एक, 2023 चा, फायनलमध्ये मकाबी तेल अवीवला हरवून. पहिल्या पायरीवर दोनदा फायनल आणि दोन्हीदा हार, 1992 ला रावेन्ना आणि 2002 ला इटलीचीच माचेराता. 2018 ला चॅलेंज कपच्या फायनललापण गेले होते आणि समोर कोण, परत रावेन्ना, परत हार. 26 वर्षांनी तेच शहर, आता काय म्हणायचं. त्याच वर्षी महिलांच्या टीमने मात्र आपला चॅलेंज कप जिंकला, म्हणून वर म्हटलं तसं सर्च करताना 'पुरुष' टाका नाहीतर 2018 ला जिंकले की हरले यावरच संध्याकाळ जाईल.

1996 चा कप हा ग्रीसच्या कुठल्याही व्हॉलीबॉल क्लबचा पहिला युरोपियन कप. आणि बघा, शीटमध्ये 1996 चं लीग टायटल हिरव्या खान्यात आहे. म्हणजे ज्या वर्षी युरोपात इतिहास घडवला त्याच वर्षी घरच्या लीगमध्ये पहिले आले नाहीत. 2005 लाही तसंच, युरोपात कप आणि घरी इराक्लिस चॅम्पियन. दोन्ही यादी शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय हे दिसतच नाही, म्हणून एवढा शीटचा आग्रह.

2005 वर अजून थोडं, कारण माझ्या मते ग्रीक क्लब व्हॉलीबॉल समजून घ्यायला हे वर्ष सगळ्यात भारी. आदल्या वर्षी ऑलिंपिक घरी झालेलं, व्हॉलीबॉलच्या मॅच पिरेयसला लागून असलेल्या फालिरोच्या पीस अँड फ्रेंडशिप स्टेडियममध्ये, ग्रीस क्वार्टर फायनलला अमेरिकेशी पाच सेट खेळून हरला. आणि 2005 ला एकाच सीझनमध्ये ऑलिंपियाकोस दुसऱ्या पायरीचा कप जिंकतो आणि इराक्लिस चॅम्पियन्स लीगच्या फायनलला जातो, फायनल त्यांच्याच थेस्सालोनिकीत, आणि फ्रान्सच्या तूरकडून हरतो. इराक्लिस पुढे 2006 आणि 2009 लाही फायनल हरला, एकूण तीनदा. त्यांचं दुःख हा वेगळाच विषय आहे पण ऑलिंपियाकोसच्या दोन कपांची किंमत त्या तीन हारींशेजारी ठेवली की जास्त कळते.

स्कोअर वाचतानाची एक खबरदारी. जुन्या मॅचचा 15-13, 15-9 असा स्कोअर बघून सेट छोटे होते असं समजू नका. 1998 पर्यंत सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट मिळायचा, त्यामुळे 15 पॉइंटचा सेट कधीकधी तासाकडे जायचा. पाचवा सेट तेवढा 1988 च्या ऑलिंपिकनंतर रॅली पॉइंटवर (सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकली की पॉइंट) आला होता. 1999 पासून सगळेच सेट रॅली पॉइंटचे, 25 चे, पाचवा 15 चा. म्हणजे 1992 आणि 1996 च्या मॅच एका हिशोबाच्या, 2002 आणि 2005 च्या दुसऱ्या, पॉइंट जोडून तुलना करायची नाही. लिबेरो, म्हणजे वेगळ्या जर्सीतला फक्त बचाव करणारा खेळाडू, तोपण 1998 च्या सुमारास आला, त्यामुळे आधीच्या व्हिडिओमध्ये वेगळ्या जर्सीचा खेळाडू शोधत बसू नका. आणि हल्लीच्या युरोपियन कपात होम आणि अवे अशा दोन मॅच असतात, दोन्हीचा हिशोब सारखा झाला तर 15 पॉइंटचा एक निर्णायक सेट, त्याला गोल्डन सेट म्हणतात, त्यामुळे एखादी टीम मॅच हरूनही पुढे गेलेली दिसेल. ती टायपिंगची चूक नाही.

मॅच बघायला घ्याल तेव्हा हॉल ओळखा. टीमचं घर म्हणजे पिरेयसजवळच्या रेंटीमधला मेलिना मर्कुरी हॉल, छोटासा, त्यामुळे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि टीव्हीवरपण कान बसतात. पानाथिनायकोसविरुद्धची मॅच असेल तर वातावरण वेगळंच, आणि त्याची काळी बाजू माहीत असू द्या. 7 डिसेंबर 2023 ला याच हॉलबाहेर, याच दोन पुरुष टीमच्या मॅचच्या वेळी झालेल्या दंगलीत एका पोलिसाला फ्लेअर (पेटता धुराचा फटाका) लागला आणि त्याच महिन्यात त्याचा मृत्यू झाला. सरकारने दंगलीनंतर फुटबॉलच्या टॉप लीगच्या मॅच दोन महिने प्रेक्षकांविना खेळवल्या. घटना व्हॉलीबॉलची आणि बंदी फुटबॉलला, हे वाचून लोक गोंधळतात, पण समर्थकांचे गट तेच असतात हे कळलं की कोडं सुटतं. 2007 मध्ये तर या दोन क्लबच्या महिला व्हॉलीबॉल मॅचच्या दिवशी समर्थकांच्या मारामारीत एक जण गेला होता आणि देशातले सगळे सांघिक खेळ काही दिवस थांबवले होते. म्हणून 2023-24 च्या लाल खान्यासमोर मी बारीक अक्षरात डिसेंबरची तारीख लिहून ठेवली आहे.

सगळं एका दिवसात भरायला जाऊ नका, कंटाळा येतो. आधी 1987 ते 2005 एवढाच तुकडा भरा, त्यात आठचा पट्टा आहे, आरिस आहे, थेस्सालोनिकीची सुरुवात आहे, वरच्या दोन्ही पायऱ्यांच्या फायनल आहेत. मागचं आणि पुढचं नंतर जोडलं तरी चालतं, फक्त दोन पेनांच्या जोडीला आरिस, इराक्लिस आणि पाओकसाठी अजून एक पेन आधीच आणून ठेवा.