बोटीच्या ट्रेलरचे नटबोल्ट बदलताय? या चुका टाळा

स्पीडबोट सोडायला ट्रेलर मागे घेत घेत पाण्यात नेला की एक्सल, यू-बोल्ट, रोलरचे ब्रॅकेट सगळं खाऱ्या पाण्यात बुडतं. तिथे चकाकी बघून नटबोल्ट घेतले तर एका मोसमात तांबेरा दिसू लागतो.

दुकानात नुसतं ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, मागितलं तर बहुधा ३०४ ग्रेडचं मिळतं. खाऱ्या पाण्याला ३१६ हवं. त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे बरेच रोखले जातात. बोल्टच्या डोक्यावरची खूण वाचा: ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही.

म्हणून सगळीकडे स्टेनलेसच ठोकायचं असंही नाही. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) सांगाड्याला आणि कमानपाट्यांच्या यू-बोल्टना हॉट-डिपच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलेच बोल्ट बरे. दिसायला राखाडी, खरखरीत, पण जस्ताचा थर साधारण ५० मायक्रॉनचा. चकचकीत मुलाम्याचे बोल्ट ५ ते १२ मायक्रॉनवर आटोपतात. हॉट-डिप बोल्टचा नट त्याच्याच जोडीचा घ्या. बोल्टवरच्या जाड थरामुळे या नटाचे आटे मुद्दाम सैल कापलेले असतात, साधा नट चढत नाही. चाकाच्या नटांत मात्र प्रयोग नकोत, ट्रेलर बनवणाऱ्याने सांगितलेल्या ग्रेडचेच घाला.

अॅल्युमिनियमचा सांगाडा असेल तर जास्त जपा. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, स्टेनलेस शाबूत आहे आणि अॅल्युमिनियम झिजतंय. दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की जणू बॅटरीच तयार होते. नायलॉनचा बुश, नायलॉनचाच वॉशर आणि जस्त-क्रोमेटची किंवा सागरी वापराची पेस्ट, असा आडोसा करा. तांब्याचं ग्रीस इथे अजिबात नको, त्याने उलट झीज वाढते.

स्टेनलेसची आणखी एक खोड. इम्पॅक्ट गनने कोरडा नट जोरात चढवला की आटे तापून एकमेकांना धरतात. मग नट पुढेही जात नाही नि मागेही, ग्राइंडरनेच कापावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावा, हातपान्याने सावकाश आवळा. वंगणामुळे तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्टवर ताण जास्त येतो, म्हणून टॉर्क थोडा कमी ठेवा.

कापताना, भोक पाडताना जस्त उडालं तर उघड्या लोखंडावर त्याच दिवशी झिंक-रिच (भरपूर जस्त असलेला) पेंट मारा. आणि बोट लादून पहिली फेरी झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे बसताना ते हमखास सैल होतात.