चेक देता-घेता? या चुका टाळा

चेक बाउन्सच्या केसेस कायद्यात कमी आणि तारखांत जास्त हरल्या जातात. मूळ रोग एकच, ‘बघू, देईल’.

माझ्याकडे एक फॅब्रिकेशनवाले आले. चार लाखांचा चेक अपुऱ्या शिलकीमुळे परत आलेला. देणेकरी फोनवर गोड बोलायचा, ‘काका, सोमवारी नक्की.’ असे सोमवार मोजत दीड महिना गेला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे चेकच्या कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ती मुदत संपली होती. नशिबाने चेकची तीन महिन्यांची वैधता संपायला आठवडा बाकी होता. पुन्हा भरायला लावला, पुन्हा परत आला, नवा मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी), नवे ३० दिवस. असं करता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. पण कुणी या पळवाटेच्या भरवशावर बसू नये.

मेमो हातात पडला की मी फाइलवर लाल पेनाने तीन तारखा लिहितो: नोटिशीची, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला मिळणारे १५ दिवस संपण्याची आणि त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करण्याची. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. आणि नेटवरचा नमुना ढापून नोटीस पाठवणाऱ्यांनो, चेकची रक्कम तरी नीट लिहा. आकडा चुकला की नोटीसच रद्द, टायपिंगची चूक म्हणून सूट नाही.

दुसरं दुखणं बेअररचं, म्हणजे चेक घेऊन येणाऱ्याचं. नाव लिहिलं म्हणजे पैसे त्यालाच मिळणार, असं लोक धरून चालतात. ‘ऑर बेअरर’ खोडलं नसेल आणि क्रॉसिंगही (कोपऱ्यातल्या दोन रेघा) नसेल, तर चेक घेऊन येणाऱ्याला काउंटरवर रोख मिळते. बँकेने सद्भावनेने, हलगर्जी न करता पैसे दिले असतील तर कलम ८५ तिला मोकळं करतं. मागे कुणाच्या नावे सही करून दिला, तरी बेअरर तो बेअररच. मी आधी दोन रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहितो, मगच नाव. घाईवाल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

सही करून कोरा चेक देऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानंतर ‘रक्कम मी लिहिली नव्हती’ एवढ्याने सुटका नाही. बँकेला पैसे देऊ नका असं कळवलं (स्टॉप पेमेंट) म्हणूनही १३८ टळत नाही.

चेक घेतल्यावर काही रक्कम मिळाली, तर चेकवर तशी नोंद करूनच भरा. पूर्ण रकमेचा तसाच भरलात, तर केस टिकत नाही.