रोलरकोस्टरची सहल गाडीने: चार पार्क, आठ दिवस, १४०० मैल

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीची ठिकाणं ठरलेली असतात. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, भारतातून कोणी आलं की पुन्हा नायगारा होतो. मुलं दहा-बारा वर्षांची झाली की जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन पार्कची एक चक्कर होते आणि त्यातल्या एखाद्याला रोलरकोस्टरची अशी काही गोडी लागते की मग दुसरं काही सुचत नाही. आमच्या घरी हे झालं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आपण योग्य ठिकाणी राहतो. शेजारचं पेनसिल्व्हेनिया आणि त्याच्या पलीकडचं ओहायो म्हणजे रोलरकोस्टरचं माहेरघर. शंभर वर्षांचे लाकडी कोस्टर इथे आजही धावतात आणि ३०० फुटी पोलादी राक्षसही इथेच उभे आहेत.

हा मार्ग न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून एडिसनला परतणारा आहे. चार पार्क, आठ दिवस, जवळपास १४०० मैल. सहल आधी आखा, मगच हॉटेलं बुक करा.

१. आधी वार ठरवा, मग गावं

अशी सहल अंतरामुळे फसत नाही, वारामुळे फसते. पहिल्या वर्षी आम्ही नकाशा समोर घेऊन जवळचं पार्क आधी, लांबचं नंतर असा साधा हिशेब केला आणि सगळ्यात मोठं पार्क आलं शनिवारी. सकाळी दहा ते रात्री दहा बारा तास आत होतो आणि मोठ्या कोस्टरच्या फक्त चार फेऱ्या झाल्या. बाकी वेळ उन्हात रांगेत. तेच पार्क पुढच्या वर्षी बुधवारी केलं आणि दुपारच्या जेवणाआधीच चार फेऱ्या झाल्या.

म्हणून मोठी पार्क मंगळवार ते गुरुवारच्या मध्ये बसवा आणि शनिवार-रविवार लहान पार्क, प्रवास आणि आरामाला द्या. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मला सगळ्यात आवडतो. त्याआधी शाळांच्या सहली असतात, जुलैत सगळी अमेरिका बाहेर पडते. ऑगस्टच्या मध्यानंतर ओहायोतल्या शाळा सुरू होतात आणि बरीच पार्क फक्त शनिवार-रविवारी उघडी राहतात. काही पार्क ऐन मोसमातही आठवड्यातला एखादा दिवस बंद असतात. त्यामुळे प्रत्येक पार्कचं त्या महिन्याचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर पाहून कागदावर लिहून काढा. आमच्या फ्रिजवर तो कागद दोन महिने असतो.

२. मार्ग

शनिवारी सकाळी निघून एलिसबर्गचं नोबेल्स, साधारण १५० मैल. रविवारी पिट्सबर्गचा प्रवास, २०० मैलांच्या थोडं वर. सोमवारी केनीवुड. मंगळवारी सकाळी निघून दुपारी सँडस्की, सुमारे तीन तास. मंगळवारची संध्याकाळ आणि अख्खा बुधवार सीडर पॉइंट. गुरुवारी सिनसिनाटीजवळच्या मेसनला, साडेतीन तासांच्या आत-बाहेर, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत किंग्ज आयलंड. शुक्रवारी सकाळी पार्कात राहिलेलं उरकून परतीला लागायचं, वाटेत कुठेतरी मुक्काम करायचा आणि शनिवारी घर.

हर्शीपार्क मी मुद्दाम सोडलं आहे. पार्क उत्तम आहे, पण एडिसनहून ते अडीच-तीन तासांवर आहे. तिथे कधीही एका दिवसात जाऊन येता येतं. लांबच्या सहलीतला एक दिवस त्यावर घालवू नका.

मुलं "अजून एक पार्क घेऊया ना" म्हणतील. घेऊ नका. आठ दिवसांत चारच. दोन सलग दिवस कोस्टरवर घालवले की मान, पाठ आणि गाडी चालवणाऱ्याचे डोळे तिन्ही कुरकुरतात, आणि उद्याचे २०० मैल त्यालाच चालवायचे असतात.

३. मुलांची उंची अनवाणी मोजा

ही पायरी तिकिटं काढण्याच्या आधीची. बऱ्याच मोठ्या कोस्टरना किमान ४८ इंच लागतात. सीडर पॉइंटचं मिलेनियम फोर्स ४८ ला चालतं, पण तिथल्याच रॅप्टरला ५४ लागतात. किंग्ज आयलंडचं बीस्ट ४८ ला, तर ओरायन ५४ ला. म्हणजे उंच कोस्टर चालेल आणि त्याहून लहान चालणार नाही, असंही होतं.

माझ्या भाच्याची उंची घरी बूट घालून दाराच्या चौकटीला मोजली होती. आठ तास गाडीत बसून, वाटेत त्या एकाच कोस्टरचे व्हिडिओ बघत तो आला. रांगेच्या तोंडाशी असलेल्या मोजपट्टीखाली ताठ उभा राहिला आणि डोकं पट्टीच्या दोन बोटं खाली. तिथल्या मुलीने पुन्हा मोजलं, मग खाली वाकून त्याला सॉरी म्हणाली. तो रडला नाही, नुसता बुटांकडे बघत राहिला. ते बघवलं नाही. दोन बोटं कमी असतील तर सहल सरळ एक वर्ष पुढे ढकला. तोवर जॅक्सनचं पार्क आहेच.

४. तिकिटं

गेटवर कधीही तिकीट काढू नका, ऑनलाइन स्वस्त पडतं. सीडर पॉइंट आणि किंग्ज आयलंड एकाच कंपनीची आहेत आणि २०२४ मध्ये ती कंपनी सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाली. त्यामुळे तुमच्याकडे जॅक्सनचा सीझन पास असेल तर तो ओहायोत चालतो का, थोडे जास्त भरून चालवून घेता येतो का, हे आधी पाहा. चार माणसांच्या कुटुंबात इथे बरीच बचत होते. रांग टाळण्याचा महागडा फास्ट लेन पास मंगळवार-बुधवारी बहुतेक वेळा लागत नाही.

टोलसाठी गाडीत ईझी-पास असू द्या. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो, तिन्हीकडे तो चालतो. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर रोख टोल घेतच नाहीत. पास नसला तर नंबरप्लेटवरून घरी बिल येतं आणि ते जास्त असतं.

५. नोबेल्स: पहिला दिवस हलका ठेवा

सहलीची सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. १९२६ पासूनच्या या पार्कला प्रवेश फी नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. जेवढ्या फेऱ्या तेवढे पैसे. आई-बाबा भारतातून आले असतील तर हे फार सोयीचं पडतं. ज्यांना पाळण्यात बसायचंच नाही, त्यांच्यासाठी तिकीट काढावं लागत नाही. झाडांची दाट सावली आहे, ओढा आहे, बाकडी आहेत, घरचा डबा आत नेता येतो. आमच्या आईने तिथल्या टेबलावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडली, तेव्हा तिला जत्रेची आठवण झाली.

इथला कोस्टर म्हणजे फिनिक्स. तो मूळचा टेक्सासचा. सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये तो 'रॉकेट' नावाने धावायचा. ते पार्क १९८० मध्ये बंद पडलं. मग चार्ल्स डिन नावाच्या गृहस्थांच्या देखरेखीखाली तो सुटा करून इथे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा राहिला, म्हणून नाव फिनिक्स. डिन हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

गाडी सुटली की आधी काळोखा बोगदा लागतो, मग चढ. मांडीवरचा दांडा तुम्हाला घट्ट दाबून धरत नाही, मांडी आणि दांड्यात बोटभर जागा राहते. प्रत्येक उंचवट्यावर तेवढ्या जागेत माणूस सीटवरून उठतो. शेवटच्या उंचवट्यांवर तर उठण्या-बसण्यालाच सवड मिळत नाही. मुलांना इथे तीन-चारदा बसू द्या. पुढच्या आठवड्यात जे काही येणार आहे, त्याची चव इथे कळते.

६. रविवार पिट्सबर्गला

पेन हिल्सचं श्री व्यंकटेश्वर मंदिर १९७६ पासूनचं आहे. दर्शन घ्या, खाली प्रसादाचं जेवण मिळतं, संध्याकाळी लवकर झोपा. ज्येष्ठ मंडळींना सोमवारचं पार्क नको असेल तर त्यांनाही शहरात करण्यासारखं भरपूर आहे.

७. केनीवुड: सावकाश पाहायचं पार्क

१८९८ मध्ये ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उभं राहिलेलं हे पार्क १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मोनोंगहेला नदीच्या कडेला, दऱ्याखोऱ्यांच्या जमिनीवर. पलीकडे ब्रॅडकचा जुना पोलाद कारखाना दिसतो.

जॅक रॅबिट १९२० चा. तो आखणाऱ्या जॉन मिलर यांनी त्याआधीच रुळाच्या खालून पकड ठेवणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तोपर्यंत गाडी नुसती रुळावर बसलेली असायची, जोरात उंचवटा ओलांडला तर उडून जाण्याची भीती. खालून चाक आल्यावर गाडी उचलली तरी सुटत नाही. आज जगातला प्रत्येक मोठा कोस्टर या चाकावर उभा आहे. जॅक रॅबिटचा दुहेरी उतार म्हणजे त्याचा धडाच. उतार सुरू होतो, मध्येच क्षणभर सपाट होतो आणि पुन्हा खाली जातो. शेवटच्या रांगेत बसा. पायांखालची जमीन गेल्यासारखी वाटते आणि सगळा डबा एकदम "आऽऽ" करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनीही हेच केलं असणार.

तिथेच रेसर आहे, १९२७ चा. दोन गाड्या शेजारी शेजारी सुटतात, पण रूळ एकच आहे. डावीकडून निघालेली गाडी उजवीकडे येऊन थांबते. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. थंडरबोल्टवर एकट्या माणसाला बसू देत नाहीत, जोडी हवी. स्टेशनातून निघताच तो थेट दरीत उतरतो, चढ मागून येतो. फँटम्स रिव्हेंज सकाळीच उरका, त्याची रांग वाढत जाते.

८. सीडर पॉइंट: इथे डाव आखून जा

ईरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर हे पार्क आहे. एकाच दिवसात सगळं होत नाही, म्हणून मंगळवारची संध्याकाळ. पार्कच्याच हॉटेलात उतरलात तर सकाळी इतरांच्या आधी आत सोडतात. एरवी महाग वाटणारं हॉटेल या एका रात्रीसाठी परवडतं, कारण त्या पहिल्या तासात होतं ते दुपारी तीन तासांत होत नाही.

गेटमधून शिरताच समोरच्या कोस्टरला लागू नका. सगळे तेच करतात. सरळ मागच्या टोकाला चालत जा. तिथे स्टील व्हेंजन्स आहे. तो मूळचा १९९१ चा मीन स्ट्रीक, डिन यांच्याच कंपनीने बांधलेला लाकडी कोस्टर. जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ टाकून २०१८ मध्ये तो नव्याने सुरू झाला. एवढ्या वेळा माणसाला सीटवरून उचलणारा दुसरा कोस्टर मी पाहिलेला नाही. त्याच्यानंतर मॅव्हरिक. दुपारी जेमिनी आणि मॅग्नम घ्या. १९८९ मध्ये मॅग्नम आला तेव्हा २०० फुटांच्या वर गेलेला तो पहिला पूर्ण फेरीचा कोस्टर होता. मिलेनियम फोर्स मावळतीला ठेवा. ३१० फुटांवरून एका बाजूला पाणीच पाणी दिसतं, आणि मग ताशी ९३ मैल.

सरोवरावरचा वारा वाढला की उंच कोस्टर बंद ठेवतात. वीज कडाडली की सगळेच. अशा वेळी बरेच लोक घरी जातात. तुम्ही छपराखाली थांबा. पाऊस थांबून कोस्टर पुन्हा सुरू झाले की रांगा निम्म्याने घटलेल्या असतात.

मोबाइल, चष्मा, किल्ल्या यांचं काय करायचं ते पार्काबाहेरच ठरवा. चष्म्याला मागून पट्टा लावा. चेन असलेला खिसा किंवा कमरेचा बटवा ठेवा, तरी काही कोस्टर लॉकरच मागतात. बायकांनी लांब मंगळसूत्र, सैल बांगड्या, ओढणी हॉटेलातच ठेवावं. गाडीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असाव्यात, आणि तो कोस्टरवर न बसणारा असेल तर उत्तम.

खाणं हलकं. उलटीची गोळी बसल्यावर नव्हे, अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. गाडी चालवणाऱ्याने झोप न येणारी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. मान-पाठीचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर यातलं काहीही नाही.

९. किंग्ज आयलंड: रात्रीसाठी थांबा

दुपारी पोहोचल्यावर ओरायन, मिस्टिक टिंबर्स आणि बॅन्शी करा. बीस्टवर उजेडात एकदा बसा म्हणजे फरक कळेल.

बीस्ट १९७९ चा, आणि त्याच्या बांधकामातही डिन होतेच. सात हजार फुटांहून लांब. लाकडी कोस्टरमध्ये जगात याहून लांब कोणी नाही. फेरी चार मिनिटांच्या वर चालते. पार्क बंद होण्याच्या थोडं आधी रांगेत उभे राहा. गाडी जंगलात शिरते आणि मागचे दिवे संपतात. पुढच्या सीटवरचं माणूसही दिसत नाही. दुसऱ्या चढावर साखळीचा खटखट आवाज आणि रातकिडे, एवढंच ऐकू येतं. कोणी बोलत नाही. मग वरून गाडी डावीकडे झुकत खाली बोगद्यांत शिरते आणि सगळं लाकूड एकदम गर्जायला लागतं.

त्या रात्री लगेच परतीला लागू नका. मेसनमध्येच झोपा. घर ६०० मैलांहून लांब आहे, ते दोन दिवसांत कापा आणि चालवणारे दोघे असू द्या. रविवार पूर्ण मोकळा ठेवा. कपडे धुवायचे असतात, आणि मुलं सोमवारपर्यंत झोपतात.